त्याला बर्फ हवा, मला ऊन. मग राहायचं कुठे?

पत्र आलंय ते थोडं कापून देते:

"ताई, मला थंडी म्हणजे शिक्षा वाटते आणि नवऱ्याला उन्हाळा. तो पंखा पाचवर ठेवून झोपणार, मी त्याच खोलीत दोन पांघरुणं घेऊन. आजवर हे भांडण रिमोटपुरतं होतं. आता त्याच्या कंपनीने दोन जागा देऊ केल्यात, त्यातली एक निवडायची. एक खूप उत्तरेला, पाच महिने हिवाळा, डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधार. दुसरी गरम आणि दमट, बाराही महिने जवळपास तशीच. पगार दोन्हीकडे सारखाच. माझं काम ऑनलाइन आहे, कुठूनही करता येतं. तो म्हणतो, थंडीत कपडे चढवता येतात, गरमीत कातडी काढता येत नाही, त्यामुळे थंड जागाच घ्यायची. आम्ही जुलैत तिकडे जाऊन आलो आणि खरं सांगायचं तर मला ते शहर खूप आवडलं. पण मला सलग चार-पाच दिवस ढगाळ गेले तरी उदास व्हायला होतं, अंथरुणातून उठवत नाही. सगळे म्हणतात सवय होईल. नुसत्या हवेवरून एवढं अडून बसणं बालिशपणा आहे का?
– गारठलेली"

प्रिय गारठलेली,

बालिशपणा अजिबात नाही, हे आधीच सांगते कारण तुमच्या पत्रभर तोच सूर आहे, जणू पगार, शाळा, भाडं ही मोठ्यांची कारणं आणि हवा हे लहान मुलांचं. हवा ही सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री झोप लागेपर्यंत अंगाला लागून असते, तिचा परिणाम झोपेवर, भुकेवर, चिडचिडीवर, घराबाहेर पडावंसं वाटतं की नाही यावर होतो. माणसं घर घेताना खिडकीतून काय दिसतं ते बघतात, मग खिडकीबाहेर वर्षभर काय असणार हे बघायला लाजायचं कशाला.

आता तुमच्या दोघांच्या रिमोटबद्दल. तुम्ही नाटक करत नाही आणि तोही करत नाही. शरीर आत ३७ अंशांच्या आसपास राहायला धडपडतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता प्रत्येकाच्या अंगात वेगवेगळी तयार होते. स्नायू जास्त, वजन जास्त तर उष्णता जास्त. अंग लहानखुरं असेल तर वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणजे उष्णता बाहेर जायला वाट मोठी. बायकांचे हातपाय बऱ्याचदा पुरुषांपेक्षा गार पडतात कारण रक्त आतल्या अवयवांकडे लवकर वळतं. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की ऑफिसांचं तापमान ठरवायचे जे नियम आहेत त्यातला शरीराच्या उष्णतेचा आकडा ७० किलोच्या चाळिशीतल्या पुरुषावरून घेतलेला आहे, आणि तो बायकांची उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरतो. म्हणजे ऑफिसात शाल घेऊन बसणाऱ्या बायका 'नाजूक' नव्हत्या, हिशोबच दुसऱ्याच्या अंगावरून केलेला होता. हे नवऱ्याला वाचून दाखवा, भांडायला नाही, पण दोघांपैकी एक जण खरा आणि दुसरा हट्टी असं काही नसतं हे एकदा दोघांनी मान्य केलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

त्याचं ते कपड्यांचं वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, कारण मी स्वतः थंडीच्या बाजूची आहे आणि आमच्या बाजूचे सगळे हेच म्हणतात. त्यात खरं आहे तेवढं त्याला देऊन टाका. कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं, बाहेरची हवा तिथवर पोचली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला घाम हा जवळपास एकच रस्ता उरतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, जबरदस्त व्यवस्था आहे, पण घाम वाळला तर, नुसता वाहून गेला तर काही उपयोग नाही, आणि दमट हवेत तो वाळतच नाही. म्हणून ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की अंगाला ते ४१ सारखं वाटतं. तेव्हा गरमीला खरंच एक टोक आहे ज्याच्यापुढे कपडे काढून काही होत नाही, हे त्याचं बरोबर.

पण थंडीला फक्त कपडे लागतात हे मला पटत नाही. कपडे अंग झाकतात. चेहरा उघडा राहतो, श्वास तीच हवा आत घेतो, वारा सुटला की उणे १० अंश हे उघड्या गालाला उणे २० सारखे लागतात (ताशी ३० किलोमीटर वारा धरून, आणि तो काही वादळी म्हणावा असा वारा नाही). फुटपाथवर बर्फ घट्ट होऊन काच झालेला असतो त्यावर जाकीट काही करत नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी पाच मिनिटं कपडे चढवा, परत येऊन पाच मिनिटं उतरवा, हे रोज, आणि मग हळूहळू माणूस ते दहा मिनिटांचं कामच टाळायला लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंधार कुठल्याही कोटाने झाकला जात नाही.

त्याआधी एक दिलासा मात्र देते. तुम्हाला ज्या थंडीची भीती आहे ती तिकडे बहुतेक तुमच्या वाट्याला येणारच नाही. तुम्हाला माहीत असलेली थंडी म्हणजे घरातली थंडी, गार फरशी, गार अंथरूण, आंघोळीनंतरचं कुडकुडणं. जिथे हिवाळा खरोखर कडक असतो तिथे घरं त्यासाठीच बांधलेली असतात, जाड भिंती, दुहेरी-तिहेरी काचा, सगळ्या खोल्यांत हीटिंग. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात जानेवारीची सरासरी उणे ३५ च्याही खाली असते आणि घरात माणसं साध्या कपड्यांत वावरतात. उलट जिथे हिवाळा सौम्य तिथेच घरात जास्त थंडी वाजते कारण कोणी तयारीच केलेली नसते. १९९७ मध्ये युरोपातल्या वेगवेगळ्या भागांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात पारा तेवढाच घसरला तरी मृत्यू जास्त वाढले ते उबदार भागांत, जिथे बैठकीच्या खोल्या गार होत्या आणि लोक टोपी-हातमोजे कमी घालत होते. जागतिक आरोग्य संघटना हिवाळ्यात घरात निदान १८ अंश तरी असावेत म्हणते. तेव्हा थंड जागेचं घर बघाल तेव्हा हीटिंग कसलं आहे, त्याचं बिल कोण भरतं, खिडक्यांच्या काचा किती पदरी आहेत हे विचाराच. फक्त हवा कोरडी असते, बाहेरची गार हवा आत तापवली की तिची आर्द्रता एकदम खाली जाते, ओठ फुटतात, कातडी खाजते, नाकातून रक्तही येऊ शकतं, पण ह्युमिडिफायर आणि मॉइश्चरायझर यावर ते निभावतं.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुम्ही पत्राला 'थंडी म्हणजे शिक्षा' अशी सुरुवात केलीत, पण स्वतःची सगळ्यात ठोस माहिती शेवटाकडे एका ओळीत देऊन पुढे गेलात. चार-पाच दिवस ढगाळ गेले की उदास व्हायला होतं, उठवत नाही. ही थंडीची तक्रार नाहीये हो, ही उजेडाची आहे. हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या या उदासीचं वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेनथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं आणि तेव्हापासून हा खरा, ओळखता येणारा आजार मानला जातो, जास्त झोप येणं, गोड खावंसं वाटणं, कशातच रस न वाटणं, माणसं नकोशी होणं. तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण चार ढगाळ दिवसांत जिचं असं होतं तिने चार महिन्यांचा विचार डोळे उघडे ठेवून करायला हवा.

नुसता आकड्यांचा फरक बघा. उजेड लक्समध्ये मोजतात; स्वच्छ उन्हात बाहेर तो एक लाख लक्सच्या आसपास असतो, घरातल्या दिव्यांचा काहीशे लक्स. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला घरही उजेडाचं वाटतं, पण मेंदूचं घड्याळ ज्या उजेडावर चालतं त्याच्यासाठी घर म्हणजे जवळपास संध्याकाळच. फिनलंडची राजधानी हेलसिंकी ६० अंश उत्तरेला आहे, तिथे २१ डिसेंबरला दिवस सहा तासांपेक्षाही छोटा असतो आणि तोही बरेचदा ढगांच्या मागे. आणखी वर, नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नोव्हेंबर अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. आणि अशा ठिकाणी तुमचा नवरा रोज उठून ऑफिसला जाणार, चालणार, चार लोकांत बसणार. तुम्ही घरून काम करणार. तोच हिवाळा, तेच शहर, पण त्याच्या वाट्याला वेगळा येणार आणि तुमच्या वाट्याला वेगळा. दिवसातले सहा तास उजेड आणि त्या सहाही तासांत तुम्ही लॅपटॉपसमोर. 'तुझं काम काय, कुठूनही होतं' हे वाक्य घरात बोललं गेलं असेल असा माझा अंदाज आहे, आणि ते चुकीच्या बाजूने बोललं जातंय, कुठूनही काम करणाऱ्या माणसाला तर ती जागा चोवीस तास सोसावी लागते.

जुलैचं काय, तर जुलैत ते शहर कोणालाही आवडेल. इतक्या उत्तरेला जूनच्या शेवटी एकोणीस तास उजेड असतो, रात्री दहाला लोक बागेत बसलेले असतात, पाच महिने कोंडलेलं सगळं गाव रस्त्यावर उतरलेलं असतं. ते खोटं नाही, वर्षातले ते महिने तुम्हाला खरंच मिळतील आणि ते फार सुंदर असतील. पण निर्णय त्यावर घेऊ नका. जमत असेल तर नोव्हेंबर किंवा जानेवारीत आठवडाभर तिकडे जाऊन राहा, मला विचाराल तर नोव्हेंबर, कारण तेव्हा बर्फाचा पांढरा उजेडही बरेचदा नसतो, नुसता ओला करडा रंग असतो. हॉटेलात राहून फिरू नका, एखादी खोली घ्या, लॅपटॉप न्या, कामाच्या वेळा पाळा, किराणा आणा, कपडे धुवा. आणि हाच न्याय नवऱ्याला, त्यानेही त्या दमट जागी तिथला सगळ्यात वाईट महिना बघून यावं, संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघून बस स्टॉपपर्यंत चालून बघावं, रात्री एसी बंद करून तासभर झोपून बघावं.

'सवय होईल' म्हणणाऱ्यांबद्दल दोन शब्द. गरमीची सवय शरीराला खरंच होते आणि बऱ्यापैकी पटकन, एक ते दोन आठवडे रोज थोडा वेळ त्या हवेत वावरलं की घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं, हृदयावरचा ताण उतरतो. पण वावरलं तर. जो माणूस एसी घरातून एसी गाडीत आणि एसी ऑफिसात जातो त्याला दोन वर्षांतही ती होणार नाही. थंडीची सवय असते पण ती कमी आणि हळू, कुडकुडणं थोडं कमी होतं, मनाची धास्ती जाते, कपड्यांची अक्कल येते, आणि त्यातलं बरंचसं काम खरं तर ती अक्कलच करते. अंधाराचं मात्र असं आहे की काही माणसांना पहिला हिवाळा नवेपणात बरा जातो आणि दुसरा-तिसरा जड जातो. म्हणून सवय होईल हे कशाची सवय ते न विचारता कोणाचंही ऐकून घेऊ नका.

दमट जागेबद्दल त्याची बाजूही नीट समजून घ्या कारण त्याची तक्रार खरी आहे. वेदर अ‍ॅपमध्ये कमाल तापमान बघू नका, ड्यू पॉइंट बघा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते तापमान; तो जितका जास्त तितकी हवा दमट. तो १६ च्या खाली असेल तर हवा छान वाटते, २१ च्या वर गेला की अंग चिकट होतं, २४ च्या पुढे बहुतेकांना जड जातं. सिंगापूरसारख्या ठिकाणी कमाल ३१-३२ च्या आसपास असतं, ऐकायला काही विशेष नाही, पण ड्यू पॉइंट वर्षभर २४ च्या जवळ आणि रात्रीही पारा फारसा खाली येत नाही. वाळवंटी गरमी वेगळी, तिथे आकडा भयंकर असतो, अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला होता, पण हवा कोरडी असल्याने घाम तरी वाळतो. तुमच्यापुढे आहे ती दमट जागा, जिथे रात्र सुटका देत नाही. झोप लागायला शरीराला आतून थोडं थंड व्हावं लागतं आणि तुमच्या नवऱ्यासारख्या, आधीच जास्त तापणाऱ्या माणसाला ते तिथे एसीशिवाय जमणार नाही. वर्षानुवर्षं अर्धवट झोप म्हणजे तोही एक प्रकारचा अंधारच आहे.

तरी मला विचाराल तर मी गरम जागेच्या बाजूने आहे. मी थंडीवाली असूनही. कारण त्याचा त्रास यंत्राने बराचसा हटतो आणि तुमचा तेवढा हटत नाही. त्याचे दिवसाचे आठ-नऊ तास एसी ऑफिसात जाणार, रात्रीची झोपण्याची खोली त्याला हवी तेवढी गार ठेवता येते, मधला प्रवास आणि संध्याकाळ हाच काय तो त्याचा सोसायचा भाग. आणि त्यातही पहाटे बाहेर पडायची सवय लावली तर सोसणं कमी होतं. तुमच्यासाठी थंड जागी काय करता येईल तेही सांगते, नाहीतर हे एकतर्फी होईल. सकाळी उठल्यावर अर्धा तास १०,००० लक्सचा दिवा समोर ठेवून बसणं याचा अनेकांना चांगला उपयोग होतो (डोळ्यांचा आजार असेल किंवा बायपोलरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको), दुपारी उजेड असताना रोज बाहेर चालणं, ढगाळ दिवशीही, दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या असलेलं घर, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे वर्षातले सगळ्यात काळे चार-सहा आठवडे तुम्ही उन्हाच्या गावी जाऊन काम करणं. पण हे सगळं रोज, शिस्तीने, नेमकं त्याच काळात करायचंय जेव्हा तुमच्या अंगात उठायचीसुद्धा ताकद नसेल. एसीचं बटण दाबायला इच्छाशक्ती लागत नाही.

हे मत कधी बदलेल? तुम्ही नोव्हेंबरचा आठवडा काढून आलात आणि लक्षात आलं की अंधाराने काही झालं नाही, फक्त बाहेर गारठायला झालं, तर बिनधास्त थंड जागा घ्या. नुसत्या गारठ्यावर उत्तरं भरपूर आहेत, पातळ कपड्यांचे तीन थर, वारा अडवणारा वरचा कोट, बुटात अंगठा हलेल एवढी जागा, आणि तिथला उन्हाळा तर तुम्हाला आवडलेलाच आहे.

कुठेही गेलात तरी झोपण्याच्या खोलीचं भांडण बरोबर येणारच, ते इथेच मिटवून जा. दोघांची पांघरुणं वेगळी करा, एक मोठं शेअर करू नका. खोली त्याच्या तापमानाला आणि उब तुमच्या बाजूला, गरम गादी, मोजे, जाड रजई, कारण गार खोलीत एकाला उबदार ठेवता येतं, गरम खोलीत एकाला गार ठेवणं जवळपास अशक्य. इथे त्याचं कपड्यांचं वाक्य शंभर टक्के लागू आहे, तेव्हा हे त्याला द्या. दिवसा तुम्ही घरून काम करताय तेव्हा रिमोट तुमचा, तो विषयच नको.

आणखी एक, हे कामाचं आहे. थंडी सोसत नाही हे लहानपणापासूनच असेल तर ठीक, पण गेल्या एक-दोन वर्षांत वाढलं असेल, बरोबर थकवा, केस गळणं, वजन वाढणं असं काही असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या, यातलं एकही कमी असलं तरी थंडी जास्त वाजते आणि दोन्हीवर उपचार आहेत. थंडीत बोटं आधी पांढरी मग निळी पडत असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. नवरा रक्तदाबाची, अ‍ॅलर्जीची किंवा मनाच्या आजाराची गोळी घेत असेल तर त्यानेही विचारून घ्यावं, यातल्या काही औषधांनी गरमी सोसायची ताकद कमी होते. हे रिपोर्ट हातात येईपर्यंत कंपनीला हो म्हणू नका.

आज-उद्या नवऱ्याशी बोलाल तेव्हा 'मला थंडी नको' एवढंच म्हणू नका, त्यावर त्याच्याकडे कपड्यांचं उत्तर तयार आहे. 'मी दिवसभर घरात असणार आणि मला उजेड लागतो' असं म्हणा आणि मग त्याला विचारा की गरम जागी त्याला नेमकं काय सोसणार नाही, झोप, प्रवास, की बाहेर खेळता येणार नाही हे. त्याने सांगितलं की ते लिहून घ्या, घर शोधताना तीच यादी चालवायची, ऑफिसजवळचं घर, झोपायच्या खोलीत चांगला एसी, जवळ पोहायची सोय. आणि कंपनीला आत्ताच विचारायला लावा की दोन वर्षांनी दुसऱ्या ऑफिसला बदली मागता येते का, येत असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.